भिकुबाईचा खार

रावेरकडच्या त्या केळीच्या गावात लग्नाचे पापड भिकुबाईच्या खाराशिवाय होत नसत. लग्न ठरले की मांडवाच्या कितीतरी आधी, माघाच्या कोवळ्या उन्हात, उडदाचे पापड लाटून ठेवायचे ही तिथली रीत. आणि उडदाच्या पिठात खार पडला नाही तर पापड फुलत नाही, तळला तरी दाताखाली चामड्यासारखा लागतो. हा खार केळीचा असे, आणि तो काढावा भिकुबाईनेच.

घड कापून घेतला की केळीचा खांब निकामी होतो. मळेवाले तो बांधावर फेकून देत. भिकुबाई ते खांब उभे चिरून महिनाभर उन्हात वाळवी आणि जाळी. राख एका मडक्यात भरायची. मडक्याच्या बुडाला भोक, भोकावर गवताचा बोळा. वरून पाणी ओतायचे, खाली थेंब थेंब गळेल ते पिवळट पाणी धरायचे आणि लोखंडी कढईत आटवायचे. अर्धा दिवस जाळ लावल्यावर कढईच्या बुडाशी करडा-पांढरा थर उरे. तोच खार. वर्षाला एक बरणी निघे. तिच्या तोंडाला मेणकापड बांधून ती चुलीजवळच्या फळीवर ठेवायची, कारण दमट हवा लागली की खाराला पाणी सुटे.

ही विद्या तिला सासूने दिली होती. बाकी सासरने दिले ते फारसे नव्हते. नवरा निंबा मानमोडीच्या साथीत गेला तेव्हा ती बावीस वर्षांची होती, पोटी मूल नव्हते. निंबाच्या वाट्याचे शेत थोरल्या दिराने, सुकदेवने, आपल्या शेताला जोडून घेतले आणि भिकुबाईला गोठ्यामागची एक खोली दिली. तिने विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही.

विधवेने लग्नघरात पाऊल टाकायचे नाही, हा त्या गावचा कायदा कडक होता. हळदीला नाही, मांडवात नाही, वरातीच्या वाटेवरसुद्धा नाही. एकटी भिकुबाई खार घेऊन आत जाऊ शके. लग्नघरची बाई तिला पाट देई. भिकुबाई पळसाच्या पानावर चिमूटभर हळद ठेवी, तिच्यावर खाराच्या पाण्याचा थेंब टाकी. हळद कुंकवासारखी लाल झाली की सगळ्या बायका म्हणत, "रंगला!" मगच खार पिठात पडे. पुढचा मान आणखी चमत्कारिक होता. लग्नाचा पापड देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी तोंडात घालायचा नाही, कच्च्या पिठाची लाटीसुद्धा नाही. पण पीठ कसे झाले हे कोणीतरी चाखून पाहायला तर हवे. ते भिकुबाईने पाहायचे, कारण ती शुभ कार्याच्या मोजदादीतच नव्हती. तिने खाल्ले ते देवाच्या लेखी कोणी खाल्लेच नाही.

त्या एका लाटीवर ती अठरा वर्षे गावातल्या प्रत्येक लग्नघरात जाऊन आली होती. बसायची, चाखायची, म्हणायची, "बरं झालं." आणि लाटणी सुरू होताच निघून यायची.

आता सुकदेवच्या घरी लग्न निघाले होते. मुलगी कुंदा. कुंदा जन्मल्यावर तिची आई यशोदाबाई दोन वर्षे अंथरुणाला खिळली होती. शेळीच्या दुधात कापसाची वात बुडवून भिकुबाईने ती पोर जगवली. तीन वर्षांची होईपर्यंत कुंदा तिलाच माय म्हणत असे. यशोदाबाई उठून चालू-फिरू लागल्यावर तिने पोरीला रोज दोन चापट्या मारून "काकू" म्हणायला शिकवले. पोर हुशार होती, आठ दिवसांत शिकली.

पाचोऱ्याकडचा मुलगा ठरला, वैशाखातली तिथी निघाली, आणि भिकुबाईने त्या वर्षी खार दोनदा गाळून घेतला. कुंदाच्या पापडाला बसायचे, एवढेच तिच्या मनात होते. तेवढे झाले की मग कोणी कुठेही बोलावले नाही तरी चालेल, असे ती कढईशी बसून स्वतःशी म्हणाली होती.

कुंदाचा थोरला भाऊ तोताराम गावातच शाळामास्तर होता. धुळ्याला मॅट्रिक झाला, पुण्याला जाऊन शास्त्राच्या पहिल्याच वर्षात दोनदा आपटला, आणि परत येऊन गावच्या पोरांना सृष्टिज्ञान शिकवू लागला. त्याचा जीव जळगावच्या मोठ्या शाळेत अडकला होता. तिथे बदली व्हायची तर शाळा तपासायला येणाऱ्या डिप्टीसाहेबांचा चांगला शेरा पाहिजे, म्हणून तो सारखा काहीतरी नवे करून दाखवायच्या मागे असे.

पापडाच्या दिवशी भिकुबाई बरणी पदराखाली धरून आली. ओसरीवर पंधरा-वीस बायका पोळपाट-लाटणी घेऊन बसल्या होत्या. पाट मांडलेला नव्हता.

"भिकू, थांब जराशी," यशोदाबाई म्हणाली. "तोता काही दाखवनार हाये."

तोतारामने पुढ्यात दोन वाट्या ठेवल्या होत्या. एकीत धुण्याचा सोडा, मोतीलालच्या दुकानातून आणलेला. दुसरीत घालायला त्याने भिकुबाईच्या बरणीतून दोन चमचे खार काढून घेतला, आणि शाळेतल्या आवाजात सुरू झाला.

"जगातला प्रत्येक पदार्थ मूलद्रव्यांचा बनलेला असतो. सोनं, लोखंड, गंधक ही मूलद्रव्यं. सोन्याचे कितीही तुकडे करा, सोनंच राहतं. तुकडे करत करत शेवटी जो सगळ्यात बारीक कण उरेल तो अणू. आता दोन-तीन मूलद्रव्यांचे अणू ठरलेल्या प्रमाणात एकमेकांना धरून बसले की होतं संयुग. ते संयुग केळीतून काढा नाहीतर विलायतेच्या कारखान्यातून आणा, त्याचा गुण तोच. हात कोणाचा, याला काही किंमत नाही."

"बाप्पा!" शेजारची मंदाबाई म्हणाली. "मंग माह्या सासूच्या हाताले गुन नही, हे मी इतले दिस उगीच ऐकून घेतलं?"

बायका खिदळल्या. तोतारामने लिंबू कापून दोन्ही वाट्यांत पिळले. दोन्ही फसफसल्या. मग पळसाची दोन पाने, दोन चिमट्या हळद, दोन थेंब. भिकुबाईच्या खाराने हळद लाल झाली. सोड्याने तिच्याहून लाल झाली.

"याचा तं जास्त रंगला व!" मंदाबाई म्हणाली.

"पाहिलंत? दोन्ही लिंबाला फसफसले, दोन्हींनी हळद रंगवली. गुण एक, म्हणजे वस्तू एक."

हळद रंगली की खार खरा, हे त्या बायका आईच्या कडेवर असल्यापासून पाहत आल्या होत्या. शास्त्र कोणाला कळले नाही. पण लाल रंग सगळ्यांना कळला.

भिकुबाई उभीच होती. म्हणाली, "तोता, एक पुसू का?"

"पूस."

"माही बरनी पावसाळ्यात उघडी राहिली तं खाराचं पानी होते. पार काकवीसारखं. मोतीलालच्या दुकानातला सोडा उघडा राहिला तं उलटा वाळून भुगा होते. मी पाह्यलं हाये. वस्तू एक असती तं एक पाझरली आन् एक वाळली, असं काहून झालं असतं?"

मास्तराला उत्तर येत नाही असे वीस बायकांसमोर कसे होऊ द्यायचे? तो म्हणाला, "अगं काकू, विळा विहिरीवर राहिला तर गंजतो, माळ्यावर राहिला तर गंजत नाही. म्हणून काय लोखंड दोन प्रकारचं झालं?"

"मंग गंज म्हंजे लोखंडच का?" भिकुबाईने सरळ मनाने विचारले. "गंज खरडून चुलीत घातला तं त्याचा विळा नही होत."

मंदाबाईने टाळीच वाजवली. "मास्तर, काकूलेच शाळेत बसवा आन् तुम्ही पापड लाटा!"

बायका लोटपोट हसल्या. भिकुबाईही पदर तोंडाला लावून हसली, आणि ते तिला फार महागात पडले. तोतारामचे कान तांबडे झाले. त्याने तिची वाटी उचलली आणि सगळ्यांच्या समोर धरली.

"हे काय आहे, सांगू? राख. केळीच्या सालपटांची राख. अठरा वर्षं ही बाई राख घेऊन सवाष्णींच्या बरोबरीने पाटावर बसते आहे, आणि तुम्ही बसवता आहात."

हसणे एकदम थांबले. ज्या त्या बाईने आपापल्या घरचे लग्न आठवले. कोणाची सून दुसऱ्याच वर्षी गेली होती, कोणाच्या लेकीला मूल नव्हते. राख हा शब्द त्या अंगाने कोणी आजवर उच्चारला नव्हता.

"माह्या पोरीच्या लग्नात राख नको," यशोदाबाई म्हणाली. "आन् राखवालीबी नको. जाय भिकू."

भिकुबाईने आत पाहिले. कुंदा स्वयंपाकघराच्या दारात लाटणे घेऊन उभी होती. तिने काकूकडे पाहिले, मग लाटण्याकडे पाहिले.

"जाते अक्का," भिकुबाई म्हणाली. "पन एक आयक. हळद इतली लाल झाली म्हंजे सोडा लय तेज हाये. माह्या खाराच्या मापानं घालू नको. अर्धाबी जास्त होईन. पापड नासतील."

"शुभाच्या कामात तोंडातून असं काढते? निघ आधी!"

ती गेली. तोताराम आईला म्हणाला, "माप तेच ठेव. वस्तू एक तर माप एक." त्याच मापाने सोडा पडला. पीठ नेहमीपेक्षा पिवळे आले, पण लाटायला लोण्यासारखे मऊ. बायकांनी मास्तराचे कौतुक केले. लाटी चाखायला कोणी नव्हते, म्हणून ती कोणी चाखली नाही.

त्या माघात गावात ज्येष्ठातल्या आणखी चार लग्नांचे पापड झाले. भिकुबाई रोज न्हाऊन, बरणी जवळ ठेवून दुपारपर्यंत दारात बसे. कोणी बोलवायला आले नाही. राखेची गोष्ट आता सगळ्यांच्या तोंडी होती आणि सोडा मोतीलालकडे केव्हाही मिळत होता. ती विहिरीवर गेली की बायका आपले हंडे उचलून बाजूला घेत. पोरे "राखवाली, राखवाली" करत मागे येत. मंदाबाई एकदा बोळात भेटली, तेव्हा म्हणाली, "माह्या मनात काही नही व. पन घरात पोटुशी सून हाये, तुले समजते नं?" आणि भिंतीला अंग चोरून निघून गेली.

चैत्रात डिप्टीसाहेबांची फेरी आली. शाळा सारवायला कोणी बाई मिळेना, तेव्हा तोतारामने भिकुबाईला निरोप धाडला. शाळेला विटाळ नव्हता. साहेब आत वर्गात आले तेव्हा तिची ओसरी अजून अर्धी राहिली होती, म्हणून ती दाराशी शेणाची पाटी घेऊन तशीच बसून राहिली.

साहेब शांत, चष्मेवाले, वयस्क गृहस्थ होते. बरोबर एक लाकडी पेटी. तोतारामने मुलांना मिठाचा धडा शिकवला, आणि बरा शिकवला. सोडियम नावाचा धातू पाण्यात टाकला तर भडका घेतो; क्लोरीन नावाचा हिरवट वायू हुंगला तर माणूस मरतो; पण दोघांचे अणू एकमेकांना धरून बसले की त्यांचे मीठ होते आणि ते आपण भाजीत घालतो. भिकुबाईला ते फार आवडले. दोन जहाल एकत्र येऊन असे सौम्य होतात, हे तिला खरे वाटेना आणि खोटेही वाटेना.

साहेब म्हणाले, "छान. आता ज्योतीची परीक्षा दाखवा." त्यांनी पेटीतून स्पिरिटचा दिवा आणि बारीक तार काढली.

तोतारामने तारेला सोडा लावून ज्योतीत धरला. ज्योत पिवळीजर्द झाली. "हा सोडियमचा रंग. आता केळीचा खार घेऊ. तेच संयुग आहे, तेव्हा रंगही तोच येईल." पापडाच्या दिवशी लिंबू पिळायच्या आधी वाटीतला थोडा खार त्याने बुचाच्या बाटलीत भरून ठेवला होता. त्याने तार ॲसिडात धुतली, खार लावला, ज्योतीत धरली. ज्योत पिवळी झाली, पण कडांना काही वेगळेच दिसत होते.

साहेबांनी पेटीतून निळ्या काचेचा तुकडा काढून स्वतःच्या डोळ्यासमोर धरला, मग तोतारामच्या. "हिच्यातून पाहा. सोडियमचा पिवळा रंग ही काच गिळून टाकते. मागे काय राहतं?"

तोतारामने पाहिले आणि काच पुढे दिली. मुलांनी रांगेने काच डोळ्याला लावली. पहिला पोरगाच ओरडला, "जांभळं!"

"तो पोटॅशियमचा रंग," साहेब म्हणाले. "सोडियम आणि पोटॅशियम ही दोन वेगळी मूलद्रव्यं. दोघांचे क्षार लिंबाला फसफसतात, हळद लाल करतात, पुष्कळ गोष्टींत सख्ख्या भावांसारखे वागतात. पण एक नव्हेत. पोटॅशियमचा खार हवेतलं पाणी ओढून पातळ होतो. धुण्याचा सोडा उलट स्वतःतलं पाणी सोडून भुगा होतो. मास्तर, तुम्ही तर एकच म्हणालात?"

"मुलांनी चूक धरावी म्हणून मुद्दाम म्हणालो, साहेब."

"अस्सं! युक्ती चांगली आहे. हा खार मिळाला कुठे?"

"मी काढला, साहेब. स्वतः." आणि तोतारामने खांब चिरण्यापासून कढई उतरवण्यापर्यंत सगळे सांगितले. एक पायरी चुकली नाही. लहानपणी तो त्याच कढईशेजारी बसून भाजलेले भुईमूग खात असे. दोन-तीन पोरांनी वळून दाराकडे पाहिले. तोतारामने त्यांच्याकडे पाहिले, तशी ती पुढे बघू लागली.

"उत्तम," साहेब म्हणाले. "मुलांनो, आणखी एक ध्यानात ठेवा. राखेतला खार म्हणजे एकटं संयुग नाही, ते मिश्रण आहे. त्यात दुसरेही क्षार मिसळलेले असतात, म्हणून तो सौम्य. सुका सोडा त्याच्यापुढे फार तीव्र. एकाच्या मापाने दुसरा खाण्यात घालाल तर साबण खाल्ल्यासारखं होईल."

पोरे हसली. तोतारामही हसला. दाराशी भिकुबाईचा हात शेणात तसाच थांबला होता.

साहेब शेरा लिहून गेल्यावर ती हात धुऊन त्याच्यासमोर उभी राहिली. "तोता, आता तं तुह्या कानानं आयकलं. अक्काले सांग. ते समदे पापड काढून टाका, लग्नाले अजून महिना हाये, दुसरे होतील. मी पाटावर नही बसनार. उभ्या उभ्या खार घालीन, लाटी चाखीन आन् जाईन. कुंदीच्या पापडाची लाटी, बस. दुसरं काही मांगत नही."

"सांगतो," तोताराम म्हणाला.

"आज?"

"सांगतो म्हटलं ना. आणि तुझी ती बरणी शाळेत आणून ठेव. साहेबांना जळगावला नमुना पाठवायचा आहे."

कुंदाच्या पापडापुरता खार बाजूला काढून तिने त्याच दुपारी बाकीची बरणी नेऊन दिली. येताना तिला इतके हलके वाटत होते की ती रस्त्याने स्वतःशी पुटपुटत आली.

तोतारामने घरी काही सांगितले नाही. सांगायचे तर वीस बायकांसमोर आपण चुकलो हे सांगावे लागले असते. आणि डिप्टीसाहेबांच्या वहीत लिहिले होते की मास्तरांनी खार स्वतः काढला. भिकुबाईने आठ दिवस वाट पाहिली. नवव्या दिवशी यशोदाबाईच्या अंगणात बाजांवर पापडांना पुन्हा ऊन दिलेले दिसले. तेच पिवळे पापड. ती परसदाराने गेली. कुंदा भांडी घासत होती.

"कुंदे, ते पापड नही चांगले. तोताले माहीत हाये. त्याले पुस."

"काकू, माय पाहीन," कुंदा म्हणाली. "मले मार पडीन. जाय ना."

भिकुबाई परत आली.

वैशाखात लग्न लागले. उन्हाचा कडाका, मांडवात चारशे माणूस, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. भिकुबाई आपल्या खोलीत दार लावून बसली होती. गोठ्यापलीकडे कढई चढली, पापड तळल्याचा वास आला. कढईत पापड विटेच्या रंगाचे झाले. आचाऱ्याला ते बरे दिसेनात, पण लग्नघाईत आचाऱ्याचे कोण ऐकतो? नैवेद्य दाखवला गेला, पहिली पंगत व्याह्यांची बसली.

नवरदेवाच्या मामाने पापड मोडून तोंडात टाकला आणि तिथेच थुंकला.

"साबन हाये का काय हा?"

मग दुसरा थुंकला, तिसरा थुंकला. नवरदेवाची आई बायकांच्या पंगतीतून उठून आली. "पहिल्या घासाले आमच्या पोराच्या तोंडात कडू घातलं! हे लग्न हाये का दुसरं काही?" पाचोऱ्याकडची मंडळी पाने सोडून उठू लागली. सुकदेव एकेकाच्या पायांवर पागोटे ठेवत फिरला. कोणी बसेना. कोणीतरी चुकले होते, आणि कोण चुकले ते कळल्याशिवाय पंगत बसणार नव्हती.

यशोदाबाईने कपाळावर हात मारून घेतला. "तिनं केलं! तिनं तव्हाच म्हटलं व्हतं, पापड नासतील!"

"म्हटलं व्हतं," मंदाबाई म्हणाली. बाकीच्याही म्हणाल्या, हो, म्हटलं होतं, आमच्या समोर म्हटलं. आणि ते खरेच होते.

सुकदेवचे गडी भिकुबाईला दंडाला धरून घेऊन आले. विधवा झाल्यापासून प्रथमच ती लग्नाच्या मांडवात उभी राहिली. चारशे माणसे तिच्याकडे पाहत होती. बोहल्याशी कुंदा पिवळ्या शालूत होती, मुंडावळ्या कपाळावरून गालांपर्यंत आलेल्या.

"काय टाकलं त्याच्यात?" मामाने विचारले.

"मी काही नही टाकलं. मले तं हात लावू दिला नही." भिकुबाई म्हणाली. "तोताले पुसा. डिप्टीसाहेब बोलले तव्हा तो तिथंच व्हता. सोडा येगळा, खार येगळा. सोडा त्या मापानं पडला म्हनून नासले. तोता, सांग ना रे."

मामा तोतारामकडे वळला. "मास्तर, तुम्ही शिकलेले. तुम्ही म्हनान ते आम्ही मानू. वस्तू दोन का एक?"

तोतारामच्या खिशात जळगावच्या बदलीचा कागद होता, चार दिवसांपूर्वीच आलेला. मांडवात शाळेची पोरे होती, काच डोळ्याला लावून पाहिलेली. ती मास्तरांकडे बघत होती. त्याने भिकुबाईकडे पाहिले नाही.

"एकच," तो म्हणाला. "शास्त्रात एकच. वस्तूत काही दोष नाही."

पोरे गप्प राहिली. वस्तूत दोष नाही म्हटल्यावर दोष उरला तो जिभेत, नजरेत, उभ्या असलेल्या त्या बाईत. आणखी काही बोलायची गरजच पडली नाही. सुकदेवने तिच्या तोंडात मारली. जी त्याला पाहताच पदर ओढून घेई आणि जिच्यासमोरून तो अठरा वर्षे नजर खाली घालून जात असे, त्या भावजयीला त्याने चारशे माणसांत मारले, आणि ते सगळ्यांना बरे वाटले. काहींच्या तोंडून "हां" असा सुटकेचा आवाजही निघाला.

पण नवरदेवाच्या आईचे तेवढ्याने भागले नाही. ती कुंदाजवळ गेली. "आमच्या घरी यायचं तं ही बाई तुही कोनी नही, हे तुह्या तोंडानं म्हन. समद्यांसमोर म्हन. मंग पंगत बसन."

कुंदाने मान वर केली. भिकुबाईला वाटले, ही आता रडेल. कुंदा रडली नाही. लहानपणी शिकवलेला शब्द जितक्या लवकर शिकली होती, तितक्याच लवकर हेही शिकली.

"तू माही कोनी नही," ती स्पष्ट म्हणाली. "माह्या दाराशी येऊ नको. माह्या संसारावर नजर टाकू नको."

पंगत बसली. पापड उकिरड्यावर टाकले, बट्टी गरम वाढली, तूप सढळ हाताने ओतले, आणि दिवस मावळायच्या आत वरात पाचोऱ्याच्या वाटेला लागली. आषाढात तोताराम जळगावला गेला. तिथे त्याचा ज्योतीचा धडा इतका गाजला की दुसऱ्या शाळांचे मास्तर पाहायला येत. पिवळी ज्योत, निळी काच, जांभळी ज्योत. दोन मूलद्रव्ये एक समजण्याची चूक मुलांनी कधी करू नये, असे तो शेवटी बजावून सांगे.

ज्येष्ठातल्या त्या चार लग्नांचे पापडही तसेच निघाले, आणि तो दोषही भिकुबाईच्याच नजरेवर गेला. तिला त्यानंतर कोणी खार मागितला नाही. तिने काढलाही नाही. सुकदेवच्या शेतात निंदणीला जाई, मिळेल ते खाई. दुसऱ्या वर्षी मार्गशीर्षात कुंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. गाडी अंगणात शिरताना भिकुबाई गोठ्याआडून पाहत होती. एका सकाळी वाड्यातून बाळाच्या रडण्याचा आवाज आला, आणि तासाभराने गडी उखर्डू बोरीच्या काट्यांचा भारा घेऊन गोठ्यामागे आला. गोठा आणि तिची खोली यांच्यामध्ये तो कुंपण घालू लागला. विहिरीला जायची तिची वाट तेवढ्याने बंद झाली. आता गावाला वळसा घालून जावे लागणार होते.

ती दारात येऊन उभी राहिली. "उखर्डू, पोरगा झाला का पोरगी?"

उखर्डूने खाली पाहतच खड्डा खणला.

"इतलं तं सांग रे."

"तुह्याशी बोलायचं नही, असं ताईनं सांगितलं हाये."

"कोन्या ताईनं? अक्कानं?"

"नही. कुंदाताईनं." त्याने खुंट उभा केला, दगडाने ठोकला, काटे ओढून घेतले. मग जरा घुटमळत म्हणाला, "आत व्हय. काटे इथपर्यंत लावायचे हायेत."

भिकुबाई उंबऱ्याच्या आत सरकली, म्हणजे त्याला काम करता यावे.